गंज काढायला व्हिनेगर की लिंबूफूल?

पावसाळा सरला की आमच्या कोपरीच्या घरात एक काम ठरलेलं: हत्यारांची पेटी उघडायची आणि हळहळायचं. खाडी हाकेच्या अंतरावर, त्यात चार महिन्यांची दमट हवा. गंज काढायला मी पांढरं व्हिनेगर आणि सायट्रिक ॲसिड, म्हणजे चिवड्यात घालतात ते लिंबूफूल, दोन्ही आलटून पालटून वापरलं आहे. गंज दोन्हींनी जातो. घरात व्हिनेगर पडून असेल तर मुद्दाम बाजार गाठायची गरज नाही.

संडास धुवायचं ॲसिड मात्र विसरा. मी एकदा गॅलरीत उघड्या डब्यात त्यात बिजागऱ्या टाकल्या होत्या. बिजागऱ्या लख्ख झाल्या, पण शेजारी टेकवलेल्या सायकलच्या तारांवर त्या वाफेने दोन दिवसांत तांबूस भुकटी धरली.

व्हिनेगर खरं तर गरीब स्वभावाचं. त्यात ॲसिड चार-पाच टक्केच. अडकित्ता किंवा मूठभर स्क्रू लोणच्याच्या बरणीत टाका, रात्रभर विसरून जा, सकाळी जुन्या टूथब्रशने गंज सुटतो. वास येतो हे खरं. "हॉलमध्ये चायनीजची गाडी लावलीस का?" असं आईने विचारलं होतं. पण वासाची सवय होते.

मला सवय झाली नाही ती वेगळ्याच गोष्टीची. आईच्या विळीचं पातं खोलून काढलं, तर ते पूर्ण बुडवायला निदान चार बाटल्या लागल्या असत्या. मी आणल्या दोन. पातं उंच डब्यात उभं केलं, दोन तृतीयांश बुडालं, उरलेलं उद्या उलटं करून बुडवू म्हटलं. दुसऱ्या संध्याकाळी बाहेर काढलं तेव्हा खालचा भाग करडा, वरचा गंजलेला आणि मधे, जिथे व्हिनेगरची पातळी होती तिथे, पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. नख फिरवलं तर अडकत होती. त्या पातळीवर हवा आणि ॲसिड दोन्ही मिळतात, म्हणून लोखंड तिथेच जास्त खाल्लं जातं. पॉलिश पेपरने घासघास घासली, फिकट झाली, गेली नाही. मेथी चिरायला बसलं की नजर तिथेच जाते.

लिंबूफुलाचं बरं हे की ते भुकटीत मिळतं आणि पाणी नळाला येतं. लिटरभर कोमट पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम, आणि वस्तू पूर्ण बुडेपर्यंत त्याच प्रमाणात वाढवत जायचं. जांभळी नाक्यावरून पाव किलो आणलं तर पाच लिटर पाणी होतं, त्यात पाने, पकडी, विळीचं पातं सगळं आडवं झोपतं. थोड्या वेळात बारीक बुडबुडे, पाणी पिवळसर. माझ्या पान्यांवरचे आकडे तीन तासांत वाचता आले. वास जवळपास नाहीच.

दोषही सांगतो. हे व्हिनेगरपेक्षा उतावळं आहे. रात्रभर विसरलात तर चकचकीत पोलादावर मळकट करडी कळा येते. विसरभोळ्या माणसाला व्हिनेगरच बरं, असंही कुणी म्हणेल, आणि मी वाद घालणार नाही. स्प्रिंग दोन्हींत टाकू नका, ठिसूळ होऊन तुटू शकते. जस्ताचा मुलामा असलेली वस्तूही नको, मुलामाच विरघळतो.

काहीही वापरा, बाहेर काढल्यावर आपल्या हवेत पाच मिनिटांत पुन्हा पिवळट गंज धरायला लागतो. म्हणून खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुचकळायचं, पुसायचं, हेअर ड्रायरने सुकवायचं आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवायचा. हत्यारांना शिलाई मशीनचं, विळीला खायचं.

सध्या आमच्याकडे व्हिनेगरची एकच बाटली असते, फ्रिजच्या दारात, मिरच्यांपुरती.