आईच्या पाठीतल्या सळ्या: अकरा महिन्यांनंतर

आई ६३ वर्षांची. निपाणीत उभा जन्म मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेला. मणक्यांतल्या गाद्या एका बाजूने झिजून पाठ कलून पुढे इतकी झुकली होती, की समोर बघायलाही गुडघे वाकवून उभं राहावं लागे. गेल्या श्रावणात बेळगावात ऑपरेशन झालं. छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या रुंद हाडापर्यंत स्क्रू आणि टायटॅनियमच्या दोन सळ्या.

पायातल्या मुंग्या गेल्या. ओट्यापाशी ताठ उभी राहून भाकरी थापताना तिला पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. पट्टा तीन महिने होता. आत सुती बनियन घातलं नाही तर कातडी सोलवटते, एवढं लक्षात ठेवा.

पण कंबर आता वाकतच नाही. निऱ्या मी खोचते, जोडवी मी घालते, तिचे पाय मी धुते. खाली बसून जेवण संपलं. घरात कमोड आधी बसवून घ्या, मग पेशंट घरी आणा.

चैत्रात, आठव्या महिन्यात, अंथरुणावरून उठताना पाठीत ‘टक्’ झालं. मलासुद्धा ऐकू आलं. एक्स-रेत डावी सळी अगदी खाली तुटलेली. सिटी स्कॅनमध्ये कळलं, तिथलं हाड जुळलेलंच नाही. या ऑपरेशनात मणके एकमेकांना जुळून एकसंध हाड व्हायचं असतं, सळी हा तोवरचा तात्पुरता टेकू असतो. हाड जुळून येईपर्यंत भार तिच्यावर. हाड जुळलंच नाही तर रोजच्या उठण्याबसण्याने धातू थकतो आणि तुटतो. हाड जुळलं असेल आणि दुखत नसेल, तर तुटलेली सळी तशीच ठेवून नुसतं लक्ष ठेवतात. आईचं दुखणं थांबेना.

हाड का जुळलं नाही? तिचं हाड ठिसूळ आहे, ड जीवनसत्त्वही कमी निघालं. आणि मशेरी. ऑपरेशनआधी दवाखान्यात कानडीत विचारलं होतं, “बीडी सेदतीरा?” म्हणजे विडी ओढता का? आई म्हणाली, “ओढत नाही, वळते.” तिने खरं तेच सांगितलं. मशेरीचं कुणी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. आमच्याकडे मशेरीला व्यसन म्हणतच नाहीत, ते दात घासणं. पण भाजलेला असला तरी तो तंबाखूच. त्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, हाड जुळू देत नाही. वॉर्डात तिच्या उशीखाली डबी होती. ती मीच घरून नेऊन दिली होती.

म्हणून ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरलंय त्यांनी कुणी विचारायची वाट बघू नका. मशेरी, तपकीर, गुटखा, पानातला तंबाखू, सगळं आपण होऊन सांगा. हाडांची घनता आधी तपासून घ्या. नंतरच्या प्रत्येक तपासणीला उभ्याने पूर्ण पाठीचा एक्स-रे मागा. सगळ्यात वरच्या स्क्रूच्या वर नवा बाक येऊ शकतो, तो फक्त कमरेच्या फोटोत दिसत नाही.

दुसरं ऑपरेशन दिवाळीनंतर. मशेरी सोडून आज ७० दिवस झाले. सकाळी तिचं बोट आपोआप दातांकडे जातं, मग ती चूळ भरते आणि मला हाक मारते.