अँटीव्हायरस घेताना गुण बघायचे की कंपनी?

अँटीव्हायरस कोणता घ्यावा असं कोणी विचारलं की मी आधी कंपनीचा इतिहास काढतो. हे सॉफ्टवेअर तुमची प्रत्येक फाइल तपासतं, तुम्ही कोणत्या वेबसाइटवर जाता तेही बघतं आणि सिस्टिममध्ये त्याला जवळपास सगळीकडे मुभा असते. घराच्या किल्ल्या आपण अनोळखी माणसाला देत नाही. इथे मात्र 'फुकट आहे' एवढ्यावर देऊन टाकतो.

व्हायरस पकडण्यात आता फार फरक उरलेला नाही. एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्यांत वरच्या फळीतले सगळे एकमेकांच्या आसपासच असतात. शिवाय गुणांवरही डोळे मिटून विसंबू नये. चिहू ३६० या चिनी कंपनीने चाचणीला पाठवलेल्या आवृत्तीत बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचं व्हायरस पकडणारं इंजिन चालू होतं आणि ग्राहकांच्या आवृत्तीत ते बंद असायचं, हे २०१५ मध्ये याच प्रयोगशाळांनी उघड केलं.

आता फुकटातला सर्वांत परिचित पर्याय, अव्हास्ट. जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत अव्हास्टने वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा तपशील विकला. जानेवारी २०२० मध्ये बातमी फुटली, तेव्हा जंपशॉट बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी हा डेटा विकायला बंदी घातली. मला यात सर्वांत जास्त खटकतं ते हे की पाळतीपासून वाचवतो असं सांगणाराच पाळत ठेवत होता. आणि अव्हास्ट काढून एव्हीजी हे दुसरं फुकटातलं अँटीव्हायरस टाकलं तर काय? एव्हीजी २०१६ पासून अव्हास्टचीच. २०२२ मध्ये अव्हास्ट आणि नॉर्टन एकत्र आले, त्या कंपनीचं नाव जेन डिजिटल, आणि अविरा हे आणखी एक अँटीव्हायरसही तिथेच. दार बदललं तरी घर तेच.

कॅस्परस्की या रशियन कंपनीची गोष्ट वेगळी. कामात हे लोक अव्वल. २०१५ मध्ये 'इक्वेशन ग्रुप' हा अत्यंत प्रगत हेरगिरी करणारा गट त्यांनीच उजेडात आणला. रशियन सरकारशी संगनमताचा जाहीर, ठोस पुरावा कोणी मांडलेला नाही, आणि कंपनीने आपलं डेटा-साठवणीचं कामही टप्प्याटप्प्याने स्वित्झर्लंडला हलवलं. तरीही अमेरिकेने २०१७ मध्ये सरकारी यंत्रणांतून ते काढायला सांगितलं, २०२२ मध्ये जर्मनीच्या सायबरसुरक्षा विभागाने सावधगिरीचा इशारा दिला आणि २०२४ मध्ये अमेरिकेत विक्रीवरच बंदी आली. आरोपावरून मी कुणाला दोषी ठरवणार नाही. पण बंदीनंतर तिथल्या अनेक ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर कॅस्परस्की जाऊन 'अल्ट्राएव्ही' हे दुसऱ्याच कंपनीचं अँटीव्हायरस आपोआप येऊन बसलं, ते मला अजिबात पटलं नाही. हातातली किल्ली परस्पर दुसऱ्याला दिली, असाच त्याचा अर्थ होतो.

विंडोजमधला डिफेंडर एके काळी चाचण्यांत तळाला असायचा. आता तो वरच्या रांगेत आहे, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून सिस्टिमसोबतच येतो. डेटा मायक्रोसॉफ्टही गोळा करते, पण विंडोज वापरताय म्हणजे तिच्यावर विश्वास तुम्ही आधीच टाकलेला आहे. जास्तीची किल्ली वाटावी लागत नाही. घरगुती वापराला माझं मत यालाच.

पैसे देऊन घ्यायचंच असेल तर स्लोव्हाकियाचं ईसेट किंवा रोमानियाचं बिटडिफेंडर. दोघांच्या नावावर असा डेटाविक्रीचा डाग नाही. जुना, संथ कॉम्प्युटर असेल तर ईसेट, कारण ते हलकं चालतं.

पैसे भरताना 'ऑटो-रिन्यू'ची, म्हणजे मुदत संपली की न विचारता पुन्हा पैसे कापण्याची, खूण मात्र त्याच दिवशी काढा. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलकडे सिमँटेक (तेव्हाची नॉर्टनवाली कंपनी) आणि मॅकॅफी या अँटीव्हायरस कंपन्यांना याच प्रकरणी प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर भरावे लागले होते. माझ्या आईच्या लॅपटॉपवर अशाच एका कंपनीची खिडकी रोज उघडायची: मध्यभागी लाल अक्षरांत 'तुम्ही असुरक्षित आहात', खाली 'आता रिन्यू करा'चं मोठं हिरवं बटण, आणि 'नको' हे अगदी कोपऱ्यात, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात. तिला ते दिसतच नव्हतं. तिने दोन वर्षं पैसे भरले, आणि डिफेंडर तेवढा काळ बाजूला गप्प पडून होता.