साखळ्यांची टोपली, तीन डिस्क आणि आमची ओपन स्पेस

नाशिकला पाथर्डी फाट्याकडे आमची कॉलनी. ओपन स्पेस म्हणायला मोठी, पण कडेने जॉगिंग ट्रॅक आणि मधे नुसतं गाजरगवत. क्रिकेट बंद पडलेलं, कारण तिसरी काच फुटल्यावर कोपऱ्यावरच्या काकूंनी बॅटच जप्त केली. नातवाच्या हट्टापायी मार्चमध्ये डिस्क गोल्फचा घडीचा सेट मागवला: एक टोपली, तीन डिस्क, म्हणजे फ्रिसबीसारख्या चकत्या.

खेळ सोपा. डिस्क फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, साखळ्यांवर आपटून टोपलीत पडेपर्यंत. कमी फेकींत संपवेल तो जिंकला. ही साखळ्यांची टोपली कॅलिफोर्नियातल्या एड हेड्रिक यांची. तिथल्या ओक ग्रोव्ह पार्कात १९७५ साली पहिला कायमचा कोर्स झाला, तेव्हा टोपल्याही नव्हत्या, खांबावर नेम धरत.

मी ओझरला फिटर होतो, म्हणून आधी साखळ्या हलवून पाहिल्या. दोन पदरी आहेत, हे उत्तम. एकपदरीतून जोरातली डिस्क आरपार जाते. पण कड्या नुसत्या वळवलेल्या, वेल्डिंगचा पत्ता नाही. जूनच्या पहिल्या पावसात गंजल्या, दोन उघडल्या. मी पक्कडीने दाबून ग्रीस फासलं. चूक माझीच, आठवडाभर सगळ्यांचे हात काळे. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर नाही.

डिस्कमध्ये पटर (जवळून टोपलीत टाकायची) आणि मिडरेंज (मधल्या अंतराची) झकास. ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची, मात्र नवख्यांचं काम नाही. उजव्या हाताने बॅकहँड फेकला की शेवटी डावीकडे वळतो, आणि कड लागली तर चांगलीच लागते. ट्रॅकवर माणूस दिसला की थांबायचं, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला.

जागेचं म्हणाल तर सपाटीकरण नको, पीच नको. कडुनिंब आणि करंज मधे येतात, तीच गंमत. गाजरगवत मात्र उपटावं लागलं, नाहीतर डिस्क सापडेना. चार वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते पोरांनी दोन रविवारांत केलं. फिरायला येणारे आजोबा लोकही थांबून दोन फेकी टाकतात. महापालिकेने एखाद्या झाडीच्या उद्यानात नऊ पक्क्या टोपल्या बसवाव्यात, फक्त वेल्डिंग बघून घ्यावं.

सेटला पाचपैकी साडेतीन. सध्या दोनच डिस्कवर खेळतोय. ड्रायव्हर काकूंच्या गच्चीवर आहे, बॅटच्या शेजारी.