शंभर फुटी फिल्मची टाकी आणि माझे 19,500 रुपये

फिल्म डेव्हलप करण्याची टाकी करून देतो म्हणणाऱ्या एका माणसापायी माझे 19,500 रुपये गेले. त्यांपैकी 4,500 टोकन म्हणून, 11,800 ‘काम पूर्ण झाले, आता माल पाठवतो’ म्हणून आणि 3,200 ‘कुरिअरची परत मिळणारी अनामत’ म्हणून गेले. हे आकडे लिहिताना मला लाज वाटते, तरीही लिहितो आहे, कारण 16 मिलिमीटरची फिल्म घरी डेव्हलप करणारी आपल्याकडची माणसे मोजकीच आहेत आणि हा माणूस नेमके त्यांनाच हेरतो आहे.

चित्रपट डिजिटल झाल्यावर मुंबईतल्या फिल्म लॅब एकामागून एक बंद पडल्या. आमचा जुना वाडा पाडण्यापूर्वी मी चित्रित केलेले 100 फुटांचे तीन रोल त्यामुळे माझ्याकडे तसेच पडून होते. सेकंदाला 24 चित्रांच्या गतीने एक रोल पावणेतीन मिनिटांचा होतो. म्हणजे एकूण जेमतेम सव्वाआठ मिनिटे, पण तो वाडा आता तेवढाच उरला आहे. ‘कशाला हा उद्योग?’ असे मला घरच्यांनीही विचारले आणि पोलिसांनीही. दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई स्वतः फिल्म धूत होत्या, बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला होता; त्या मातीतल्या माणसाने घरी एक टाकी करू पाहणे हा वेडेपणा आहे, असे मला आजही वाटत नाही.

मी आधी ढोल, म्हणजे फिल्म गुंडाळून रसायनात फिरवायचा दंडगोल, करायला घेतला होता. 30 सेंटिमीटर व्यासाच्या ढोलावर फिल्मचा एक वेढा सुमारे 94 सेंटिमीटरचा होतो, 33 वेढ्यांत पूर्ण रोल बसतो आणि दोन वेढ्यांमध्ये दोन मिलिमीटर जागा सोडली तर ढोलाची लांबी 60 सेंटिमीटर पुरते. ओली फिल्म किंचित वाढून सैल पडते, म्हणून तिचे टोक रबराने ताणून धरावे लागते, एवढेच. अडचण अंधाराची होती. पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या, फिल्मला लाल दिवाही चालत नाही, आणि उघड्या पन्हळीत ढोल फिरवायचा म्हणजे हायपोचे, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या रसायनाचे, काम होईपर्यंत मिट्ट काळोखात उभे राहायचे. साठीनंतर ते मला झेपणारे नव्हते. झाकणाची सर्पिल टाकी, म्हणजे चकतीवरच्या गोल गोल खोबणीत फिल्म बसवायची टाकी, असली की फिल्म आत गेल्यावर दिवा लावता येतो. पण तिच्या चकतीतली बारीक खोबण घरी कापता येत नाही. मी तेवढ्यासाठीच बाहेर विचारणा केली.

टाकी करून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाने माझ्याशी कारागिरासारखे बोलणे केले. दोन खोबणींतले अंतर किती ठेवायचे हे त्याने आपणहून विचारले, आणि हायपो हलक्या प्रतीचे स्टील खातो म्हणून टाकी 316 प्रतीच्याच स्टेनलेसची हवी, असेही बजावले. हे बरोबर आहे. बरोबर बोलणारा माणूस खराही असेल, असे मी गृहीत धरले. पहिले पैसे पाठवताना फोनच्या पडद्यावर भलतेच नाव उमटले, तेव्हा ‘पुतण्याचे खाते आहे’ हे उत्तर मी मान्य केले. तुम्ही करू नका. नाव जुळले नाही तर पिन दाबू नका.

पण मला झोप लागू देत नाही ते त्याने पाठवलेले ‘तयार टाकी’चे छायाचित्र. मी स्वतःच हिशेब करून त्याला कळवले होते की दोन मिलिमीटर अंतराच्या खोबणीत 100 फूट फिल्म बसवायची तर चकतीचा व्यास किमान 28 सेंटिमीटर हवा. त्या छायाचित्रात टाकीशेजारी पाण्याची एक लिटरची बाटली आडवी पडलेली होती आणि टाकी त्या बाटलीपेक्षा चांगलीच आखूड होती! 20 सेंटिमीटरच्या चकतीत 15 मीटरच फिल्म मावते. ते सोव्हिएत काळातल्या 15 मीटरच्या टाकीचे कुठून तरी उचललेले छायाचित्र होते, आणि तशी छायाचित्रे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. सत्तावीस वर्षे तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवलेल्या माणसाने ते छायाचित्र दोनदा मोठे करून पाहिले, ‘सुंदर झाली आहे’ असे कळवले आणि 11,800 रुपये पाठवले. आईचे आजारपण चालू होते, तिला तो वाडा पडद्यावर दाखवायची घाई होती, हे खरे आहे. पण बाटली समोर होती हेही खरे आहे.

अनामत घेतल्यावर त्याचा फोन बंद झाला. त्याने दिलेल्या कुरिअरच्या पावतीवरचा क्रमांक कुरिअरवाल्यांच्या नोंदीतच नव्हता.

त्यानंतर जे सुरू झाले त्याचा संताप फसवणुकीहून मोठा आहे. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, तेव्हा हा व्यवहार अनधिकृत ठरत नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ असे ऐकवून दोन तास बसवले, दुसऱ्या दिवशी ‘हा तुमचा आपसातला देण्याघेण्याचा वाद आहे’ असे सांगितले आणि तिसऱ्या दिवशी ‘तो माणूस जिथला असेल तिथे जा’ असा सल्ला दिला. तो जिथला आहे ते मला ठाऊक असते तर मी ठाण्यात कशाला आलो असतो? भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीचेच आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, घ्यावीच लागते. हे मी छापून नेले, तर कागद वाचण्याआधी मला ‘वकील आहात का?’ असे विचारण्यात आले. शेवटी अर्ज घेतला, पण पोच देण्यासाठी आणखी एक फेरी मारायला लावली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर पैसे गेल्याच्या पहिल्या तासातच फोन करा. मी त्याच्या फोनची वाट पाहण्यात चार दिवस घालवले.

कोणी टाकी करून देतो म्हणाला तर पट्टी शेजारी ठेवलेले आणि तुम्ही सांगितलेला शब्द कागदावर लिहून समोर धरलेले छायाचित्र मागा, आणि रक्कम माल हातात आल्यावरच द्या. छायाचित्र आले की ते आधी मोजा. त्याचे कौतुक नंतर करा.

तिन्ही रोल डबाबंद करून फ्रिजमध्ये ठेवले आहेत आणि ढोलाचे काम मी पुन्हा हाती घेतले आहे. अंधारात उभे राहण्यासाठी भाचा येणार आहे. सोमवारी त्या बाटलीच्या छायाचित्राची मोठी प्रत घेऊन मी पुन्हा ठाण्यात जातो आहे.