पाठ काढलेली योगाची खुर्ची, लाकडी विटा, पट्टा आणि लोड : वर्षभर वापरून मग लिहितेय

आधी मुद्द्याचं. खुर्ची नक्की घ्या, विटा लाकडीच घ्या, पट्टा साधा सुती चालतो पण बक्कल धातूचं बघा, आणि लोड घेताना हातानं दाबून बघा. आता सविस्तर.

माझं वय ६१, नाशिकला असते, कमरेत गॅप सांगितलाय आणि उजवा गुडघा कुरकुरतो. क्लासच्या बाई अय्यंगार पद्धतीनं, म्हणजे खुर्ची, विटा, पट्टा अशा आधारानं आसनं शिकवतात. त्या म्हणाल्या आठवड्यातून दोनदा क्लासला येऊन भागणार नाही, घरी खुर्ची आणा. मी घाईत ऑनलाइन मागवली, फोटोत अगदी तशीच दिसत होती, पण तिसऱ्याच आठवड्यात पायाचे रबरी बूट निघाले आणि मी विपरीत दंडासनात, म्हणजे खुर्चीत बसून मागे वाकायच्या आसनात, अर्धी मागे गेलेली असताना खुर्ची फरशीवर सरकली. लागलं नाही, पण आठ दिवस त्या खोलीत जायची भीती वाटत होती. परत घ्यायलाही त्यांनी बावीस दिवस लावले.

मग पुण्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमधून घेतली. ही खुर्ची म्हणजे मंगल कार्यालयात असते ना तशीच घडीची, लोखंडी, फक्त पाठीचा पत्रा नाही, नुसती चौकट. त्यामुळे पाय चौकटीतून पलीकडे घालून उलटं बसता येतं, मागे वाकता येतं, सर्वांगासनात खुर्चीचे पाय हातानं घट्ट धरता येतात. त्या माणसानं फोनवर माझी उंची विचारली, वजन विचारलं, पुढच्या दोन पायांमध्ये आडवा दांडा हवा का विचारलं. तिथेच मला कळलं की हा रोज हेच करतो.

आणि हे सगळं सामान ज्यांच्या डोक्यातून आलं त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण वस्तू अशी का आहे ते त्यातच आहे. बी. के. एस. अय्यंगार, जन्म १४ डिसेंबर १९१८, कोलार जिल्ह्यातलं बेल्लूर, तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ चालू होती. पोर जन्मापासून अशक्त, मलेरिया झाला, टायफॉइड झाला, क्षय झाला, नऊ वर्षांचे असताना वडील गेले. १९३४ मध्ये बहिणीचे यजमान, योगशिक्षक टी. कृष्णमाचार्य यांनी म्हैसूरला बोलावून घेतलं, तिथे आसनं सुरू झाली. १९३७ साली, वय अठरा, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला आले. मराठी येत नव्हती, खायचे हाल, पण पुणं काही सुटलं नाही, २०१४ मध्ये गेले तेही पुण्यातच. म्हणजे ज्या माणसाचं स्वतःचंच शरीर ऐकत नव्हतं त्यानं हे शोधलंय, म्हणून ते माझ्यासारखीच्या शरीराला लागू पडतं असं मला मनापासून वाटतं.

परदेशात नाव झालं ते यहुदी मेन्युहिन या व्हायोलिनवादकामुळे. १९५२ मध्ये मुंबईत भेट झाली, दोन वर्षांनी ते अय्यंगारांना स्वित्झर्लंडला घेऊन गेले आणि मनगटी घड्याळ दिलं, त्यावर 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकांना' अशा अर्थाचं कोरलेलं होतं. पुढे बेल्जियमच्या राणीमाता एलिझाबेथ, ऐंशी ओलांडलेल्या, त्यांनाही यांनी शीर्षासन शिकवलं. मग लंडन, अमेरिका, आता तर जगभर वर्ग आहेत. १९७९ मध्ये स्कूटरचा अपघात झाला, खांदे, कणा, गुडघे दुखावले, तेव्हा साठीत या माणसानं स्वतःचा सराव परत पहिल्यापासून उभा केला. पत्नी रमामणींच्या नावानं १९७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या संस्थेत अजून बाहेरच्या देशांतून लोक शिकायला येतात.

असो, परत सामानाकडे. विटा. आधी फोमच्या होत्या, त्या वजन टाकलं की दबतात आणि हात डगमगतो. लाकडी वीट तीन उंचीत वापरता येते, आडवी, कडेवर, उभी. त्रिकोणासनात मी हात जमिनीला लावायच्या हट्टापायी छातीच जमिनीकडे वळवत होते. बाईंनी घोट्याच्या बाहेर वीट उभी ठेवली, हात त्यावर, आणि छाती आपोआप समोर उघडली. चार वर्षं जे 'छाती उघडा' ऐकत होते ते त्या दिवशी कळलं!

पट्टा सुप्त बद्धकोणासनाला, म्हणजे उताणं पडून तळपाय जुळवायच्या आसनाला. लोड पाठीखाली, पट्टा माकडहाडामागून घेऊन मांड्यांच्या आतून पावलांखाली अडकवायचा आणि पडून राहायचं. दहा मिनिटांत कंबर सुटते. लोड कापसाचा आहे, जड आहे, सहा महिन्यांत मधे बसला, मग गादीवाल्याकडून कापूस पिंजून परत भरून घेतला. पैसे देताना हा खर्च धरून चला.

उणं काय? चौकटीच्या आतल्या बाजूला वेल्डिंगचा एक दाणा टोचत होता, तो इथे घासून घेतला. बैठकीची कड पाठीला रुतते, त्यावर मॅट आणि घडी घातलेली सतरंजी लागतेच. आणि सोबत एक साधा माहितीचा कागदसुद्धा नाही, हे मला अजिबात पटलं नाही. अय्यंगारांचं १९६६ चं पुस्तक 'लाइट ऑन योगा', मराठीत 'योगदीपिका', माझ्याकडे आहे, त्यात २०० आसनं आणि ६०० च्या आसपास फोटो आहेत, पण ती जवळजवळ सगळी आधाराशिवायची. त्यामुळे खुर्चीतलं सर्वांगासन तरी शिक्षकांसमोरच शिका, बीपी किंवा मानेचा त्रास असेल तर आधी विचारूनच, व्हिडिओ बघून करू नका.

सगळं मिळून ६,४०० रुपये गेले, ट्रॅव्हल्सच्या पार्सलचे वेगळे.

आमच्या सासूबाई ८४ च्या. त्या खुर्चीत आडव्या बसतात, दोन्ही हातांनी चौकट धरतात आणि हळूहळू वळतात, भारद्वाजासन. मागच्या महिन्यात म्हणाल्या, "अगं, आज मला बसल्या बसल्या मागची तुळस दिसली." आता त्यांना सकाळची सातचीच वेळ हवी असते आणि माझीही तीच, म्हणून परवा त्याच माणसाला फोन करून दुसरी खुर्ची सांगितलीय, आणि वेल्डिंग आतून घासून पाठवा असं दोनदा बजावलंय.