रात्री चंद्राला हात लावू नका

ह्या रिव्ह्यूसाठी नऊ महिने वापरलं असं म्हणतोय खरं, पण त्यातले चार महिने हे घड्याळ परदेशात दुरुस्तीला होतं. माझा पासपोर्ट अजून कोरा आहे.

पर्पेच्युअल कॅलेंडर (महिना किती दिवसांचा, लीप वर्ष कधी, हे स्वतःच सांभाळणारं), ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीवर चावी भरून घेणारं), सेकंडहँड, मुंबईहून घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. नाशिकच्या अंबडला माझं छोटं टूलरूम (साचे-हत्यारं बनवायचं वर्कशॉप) आहे आणि त्या पैशात बऱ्यापैकी चालू व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आलं असतं, हे घरात पहिल्याच दिवशी ऐकून झालंय.

विकणारा म्हणाला होता, "साहेब, 2100 पर्यंत तारखेला हात लावायचा नाही." खरंय. 2100 ला चारने भाग जातो, तरी ते लीप वर्ष नाही, आणि चार वर्षांत एक फेरा घेणाऱ्या आतल्या कॅमला (महिन्यांच्या लांबीप्रमाणे खाचा असलेल्या चकतीला) ते कळणार नाही. पण अट अशी की घड्याळ थांबता कामा नये. जुलैत मला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात, आणि ह्याचा पॉवर रिझर्व्ह, म्हणजे हातातून काढल्यावर चालायचा वेळ, बेचाळीस तासांचा. घरी आलो तर तारीख, वार, महिना सगळं ठप्प. मग स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढून आणलं आणि बघून बघून एकेक बटण टोचत बसलो. बायको म्हणाली, "अहो, कॅलेंडरचं घड्याळ कॅलेंडर बघून लावताय?"

टोचणंही कटकटीचं. कडेला चार बारीक खड्डे, त्यात सोबत दिलेली पिन घालायची. कुर्ट क्लाउस ह्या घड्याळजीने 1985 मध्येच आयडब्ल्यूसी ह्या स्विस कंपनीच्या दा विंची घड्याळात हे सगळं एका चावीवर आणलं होतं. इतक्या वर्षांनी मी पिन शोधतोय.

आता चंद्र, म्हणजे डायलवर रोजची कला दाखवणारा. कोजागरीला, 6 ऑक्टोबरला, सोसायटीच्या गच्चीवर दुधाचे पेले हातात, आणि मी मनगट पुढे करून फुशारकी मारतोय. शेजारचे जोशी काका चष्मा सरकवून म्हणाले, "तुमच्याकडे अजून त्रयोदशीच दिसतेय." खाली येऊन हिशोब मांडला. चंद्राच्या चाकाला 59 दात, रोज एक दात सरकतो, त्यावर दोन चंद्र, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. खऱ्या चंद्राला त्याहून 44 मिनिटं जास्त लागतात. म्हणजे एक दिवसाचा फरक पडायला अडीच वर्षांच्या वर जावी लागतात, आणि तोही घड्याळ पुढे जाण्याचा. माझा तर मागे होता! यंत्र निर्दोष. जुलैत आभाळ भरलेलं, चंद्र दिसत नव्हता, मी तो अंदाजपंचे लावला होता आणि तिथी बघायचं राहून गेलं.

म्हणून तेव्हाच, रात्री अकराला, पिन घेतली आणि चंद्राचं बटण दोनदा दाबलं. दुसऱ्यांदा बोटाला कट् असं जाणवलं. सकाळी तारखेचा काटा 6 आणि 7 च्या मध्ये अडकलेला. रात्री आठ ते दोन कॅलेंडरची चाकं गुंतलेली असतात, तेव्हा बटणं दाबायची नाहीत, हे माहितीपुस्तकात आहे. मी ते नंतर वाचलं.

मेन रोडच्या घड्याळवाल्या काकांनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून बघितलं, परत बंद केलं. "ह्यात माझा हात नको. रात्री टोचलंत ना?"

वॉरंटी नाही. कंपनीचं दुरुस्तीचं बिल एक लाख अडतीस हजार. असू दे, चूक माझी. पण बिलावर "लिव्हर बदलला" एवढंच. म्हटलं, तुटलेला लिव्हर द्या. म्हणाले, जुना पार्ट परत देत नाही, पॉलिसी आहे. अरे, सातपूरचा गॅरेजवाला जुनी क्लचप्लेट न मागता डिकीत टाकून देतो! मला तो लिव्हर प्रोफाइल प्रोजेक्टरवर, म्हणजे पार्टची सावली मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रावर, बघायचाय. मुळाशी वाकून तुटला असेल तर मी दोषी. स्वच्छ, काचेसारखा तुटला असेल तर हार्डनिंग, म्हणजे पोलाद तापवून कडक करणं, त्यांचं चुकलंय. सहा मेल झाल्या. सहाही उत्तरांत "प्रिय ग्राहक".

इथपर्यंत एक स्टार देणार होतो. पण फेब्रुवारीत घड्याळ परत आल्यावर वाइंडर, म्हणजे घड्याळ फिरवून त्याची चावी भरत ठेवणारं यंत्र, घरीच केला. दुकानातले हजारोंचे, म्हणून मोडक्या मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर काढली. मिनिटाला पाच फेरे, टायमरवर दिवसाला दोन तास चाळीस मिनिटं, आठशे फेरे. ही मोटर सुरू होताना कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे. घड्याळाचा रोटर, म्हणजे आतलं फिरतं वजन, दोन्हीकडून चावी भरतो, त्यामुळे ती खोड इथे उपयोगी पडली. खर्च शून्य.

आणि 28 फेब्रुवारीला जागा राहिलो. साडेअकरापर्यंत काटा 28 वर ढिम्म. मग हलला, हळूहळू 29, 30, 31 ओलांडत बारा दहाला 1 वर, आणि महिन्याचा काटा मार्चवर. मला हाक मारायचं सुचलं नाही, बायको झोपलेली. गॅलरीत जाऊन चंद्र ताडून बघितला. होळी पौर्णिमेला तीन दिवस कमी होते आणि डायलवर तो तेवढाच कापलेला. एक केसभर जास्त वाटला, पण पिन आता कपाटात कुलूपबंद असते.

चार स्टार. सातवी मेल सोमवारी पाठवली.