वेबसाइटच्या मासिक देखभाल सेवेचा अनुभव

आमचा व्यवसाय यंत्रांच्या सुट्या भागांचा. वेबसाइट, ईमेल, नकाशावरची नोंद या गोष्टींकडे बघणारं कोणी आमच्यात नाही, म्हणून महिन्याचं शुल्क घेऊन हे सगळं सांभाळणारी एक सेवा घेतली. वर्ष होत आलंय. कंपनीचं नाव देत नाही. अशा सेवांचे करार बहुतेक एकाच साच्यातले असतात, त्यामुळे पुढचं बरंचसं इतरांनाही लागू पडेल.

सर्वांत उपयोगी काम त्यांनी सुरुवातीलाच केलं. कोणतं खातं कोणाच्या नावावर आहे, याची यादी काढली. त्यात कळलं की डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, आमच्या नावावर नाहीच. ज्याने आधी साइट बनवून दिली त्याच्या खात्यात ते पडून होतं. ते आमच्याकडे आणायला त्याच्याकडून हस्तांतरणाचा कोड मिळवावा लागला. त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं असतं तर? डॉट कॉमची मुदत संपून ते रद्द झालं तरी सोडवून घ्यायला 30 दिवस मिळतात खरे, पण तो हक्क ज्याच्या नावावर डोमेन आहे त्याचा. गूगलवरच्या व्यवसायाच्या नोंदीचंही तसंच. तिथे मालक आणि व्यवस्थापक अशा वेगळ्या भूमिका असतात. सेवा देणाऱ्याला व्यवस्थापक करा, मालकी स्वतःकडेच ठेवा.

दुसरा मोठा फायदा म्हणजे विचारायला हक्काचं माणूस मिळालं. ‘तुमचं डोमेन आज बंद होणार, ताबडतोब पैसे भरा’ असे ईमेल येतच असतात. आम्ही ते पुढे पाठवतो, ‘खोटं आहे, सोडून द्या’ असं उत्तर येतं. एवढ्यासाठीसुद्धा मी शुल्क भरायला तयार आहे. आमची कोटेशनं ग्राहकांच्या स्पॅममध्ये जात होती, तेही यांनीच निस्तरलं. ईमेल खरंच आमच्याकडून गेलाय हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी डोमेनवर नव्हत्या. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू याबाबतीत कडक झालेत, असं त्यांनी सांगितलं आणि नोंदी घालून दिल्या. आता कोटेशनं पोचतात.

आता बॅकअप. ‘रोज होतो’ हे उत्तर मला पुरेसं वाटेना. एकदा साइट दुसऱ्या जागी उभी करून दाखवा, असं म्हटलं. आढेवेढे घेतले, पण केलं. पानं आणि फोटो आले, अलीकडच्या ऑर्डरी मात्र गायब! फाइलींची प्रत रोज निघत होती, पण ऑर्डरी ज्यात साठतात त्या डेटाबेसची आठवड्यातून एकदाच. शिवाय सगळ्या प्रती साइटच्याच सर्व्हरवर. म्हणजे सर्व्हर गेला की मूळही गेलं आणि प्रतही. आता डेटाबेसची प्रत रोज निघते आणि एक प्रत वेगळ्या कंपनीच्या जागेवर जाते. मी हट्ट धरला नसता तर हे कधी कळलं असतं, कोण जाणे.

अपडेटचाही असाच एक किस्सा. आमची साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्या वर्डप्रेसचं एक प्लगिन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, अपडेट झालं आणि चौकशीचा फॉर्म मुका झाला. पान व्यवस्थित दिसायचं, ‘धन्यवाद’ असा संदेशही यायचा, पण ईमेल निघतच नव्हता. साइट चालू आहे की नाही एवढंच बघणाऱ्या यंत्रणेला यातलं काही कळत नाही. चौकश्या अचानक आटल्यामुळे आम्हालाच शंका आली. तेव्हापासून प्रत्येक अपडेटनंतर ते फॉर्म भरून बघतात, आणि अपडेटही आधी साइटच्या नकलेवर करून पाहतात.

दर महिन्याला येणारा अहवाल निरुपयोगी आहे. आलेख रंगीत, अर्थ शून्य. मी दोन ओळी मागितल्या होत्या: काय केलं, काय राहिलं. त्या अजून मिळतात त्या फोनवरच. करारातल्या ‘अमर्यादित लहान बदल’ यातलं लहान म्हणजे किती, यावरूनही वाद झाले. फोटो बदलणं लहान, नवीन पान मोठं. मधलं सगळं समोरच्याच्या मूडवर.

त्यांची माणसं मात्र चांगली आहेत. सुरुवातीला ‘कॅशे क्लिअर केलंत का?’ (म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी पानं पुसलीत का) असली उत्तरं यायची. आता ते स्क्रीनवर काय दाबायचं याचा छोटा व्हिडिओ करून पाठवतात. आमच्याकडच्या मंडळींनी ते जपून ठेवलेत, त्यामुळे तीच शंका पुन्हा विचारावी लागत नाही.

ज्यांची साइट म्हणजे पत्ता आणि फोन नंबर असलेलं एकच पान आहे, त्यांनी या भानगडीत पडू नये. गूगलवरची फुकट नोंद नीट भरली तरी भागेल. ऑर्डरी किंवा चौकश्या साइटवरून येत असतील तर सेवा घ्यावी.

आम्ही पुढच्या वर्षासाठी करार वाढवतोय, पण दोन कलमं नवीन मागितलीत. दर तीन महिन्यांनी बॅकअप उभा करून दाखवायचा, हे एक. दुसरं, करारात सध्या फक्त उत्तर किती वेळात देणार ते लिहिलंय, दुरुस्ती किती वेळात होणार तेही लिहायचं. पहिलं त्यांनी लगेच मान्य केलं. दुसऱ्यावर अजून घासाघीस चालू आहे.